‘वजन जास्त आहे’ हे विधान वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ?

अनुस्वार (धागाकर्ता)

‘या व्यक्तीचे वजन ८२ किलो आहे’ आणि ‘या व्यक्तीचे वजन जास्त आहे’ ही दोन विधाने आपण बहुतेक वेळा एका दमात उच्चारतो आणि पहिल्या विधानाची खात्री नकळत दुसऱ्यालाही देऊन टाकतो. पहिल्याबद्दल वादाला जागा नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातील एका न बदलणाऱ्या राशीला, बांधलेली आहे, काटा नीट असेल तर मोजणारा कोणीही असो, आकडा तोच येतो, आणि मोजणाऱ्याच्या आवडीनिवडीने त्यात ग्रॅमचाही फरक पडत नाही. ‘जास्त’ मात्र काट्यावर कुठेच लिहिलेले नसते. ते आपण बाहेरून आणतो, आणि ते नेमके कुठून आणतो यावर येथे चर्चा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

या विषयावर दोन टोकाची मते वारंवार ऐकू येतात. वैद्यकशास्त्राने सीमा ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे वजन जास्त असणे ही रक्तगटासारखी वस्तुस्थिती आहे, असे एक मत आहे. जाड काय आणि बारीक काय हे समाजाच्या आवडीवर ठरते, त्यामुळे सगळीच मते सारखी, असे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. ‘जास्त’ म्हणताना ते ‘कशासाठी जास्त’ हे प्रत्येक वेळी गृहीत धरलेले असते. गुडघ्यांसाठी, मधुमेहाच्या धोक्यासाठी, स्पर्धेच्या वजनगटासाठी की बघणाऱ्याच्या आवडीसाठी, हे एकदा उघड सांगितले की यातली बरीच विधाने तपासता येतात आणि काही केवळ आवडीची असल्याचे स्पष्ट होते. ते सांगितलेच नाही, तर विधान अपुरे राहते. अपुरे विधान खरेही ठरत नाही आणि खोटेही, आणि म्हणूनच त्यावरचे वाद मिटत नाहीत.

एक उदाहरण देतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी विनेश फोगट यांचे वजन सुमारे १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. ते वजन ‘जास्त’ होते, यात मताचा प्रश्न नव्हता. पण ५० ही मर्यादा निसर्गाने घातलेली नव्हती, नियमाने घातली होती, आणि त्याच शरीराला कोणत्याही वैद्यकीय अर्थाने वजन जास्त आहे असे कोणी म्हणाले नसते. एकाच शरीराबद्दल, एकाच सकाळी, दोन्ही निर्णय बरोबर होते.

तळटीप

विषय महत्त्वाचा आहे. वैद्यकीय सीमा आल्या कुठून, हा इतिहास येथे उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात मांडतो.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाची. १८३० च्या दशकात लोकांची मापे अभ्यासताना त्यांना असे दिसले की प्रौढांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतील विमा कंपन्यांना कोण लवकर मरेल याचा अंदाज हवा होता. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४० च्या दशकात उंचीनुसार ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले आणि १९५९ मध्ये ‘इष्ट’ वजनांचे. त्या तक्त्यांत लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने होते, पण बांधा कसा मोजायचा हे सांगितलेले नव्हते. म्हणजे काटेकोर दिसणाऱ्या तक्त्यात शिरण्यापूर्वी डोळ्यांनी एक अंदाज करावाच लागत असे.

या तक्त्यांवर असमाधानी असलेल्या अॅन्सेल कीज या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवर निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली, केटलेंचे सूत्र त्यांतले सोयीचे ठरवले आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. अमेरिकेत १९९८ पर्यंत जादा वजनाची सीमा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ अशी धरली जात होती. त्या वर्षी ती दोघांसाठी २५ करण्यात आली. कोणाच्याही शरीरात काहीही न बदलता दोन कोटींहून अधिक माणसे त्या निर्णयाने ‘जादा वजनाची’ ठरली.

उत्तरायण

तळटीप यांनी दिलेला इतिहास वाचल्यावर वस्तुनिष्ठतेचा दावा कसा टिकतो, हे मला समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. जपानमध्ये २५ लाच लठ्ठपणा सुरू होतो, चीनमध्ये २४ आणि २८ या सीमा आहेत, तर भारतातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ आणि २५ या सीमा सुचवल्या. बीएमआय २६ असलेली व्यक्ती सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेली, तर विमानातून उतरताना ती वेगळ्या वर्गात मोडते. वस्तुमान असे बदलत नाही, तापमान असे बदलत नाही. जे समितीच्या बैठकीत बदलते, त्याला वस्तुस्थिती म्हणण्याऐवजी संकेत म्हणावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि संकेताला विज्ञानाचा दर्जा दिला की त्याच्याशी वाद घालण्याचा सामान्य माणसाचा हक्क जातो. ही बाब मला अधिक गंभीर वाटते.

शुक्रतारा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे उत्तरायण यांच्या प्रतिसादाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सीमा निरनिराळ्या आहेत, हे खरे आहे. पण त्यावरून त्या मनाला येईल तशा आखल्या आहेत, असा निष्कर्ष निघत नाही. वेगवेगळ्या लोकसमूहांत एकाच बीएमआयला चरबीचे प्रमाण आणि आजाराचा धोका वेगळा असतो, हे त्यामागचे कारण आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्यात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. अधिक चरबी याज्ञिकांची होती. बीएमआयला त्या दोन शरीरांमधला फरक दिसत नव्हता, पण फरक होता आणि तो यंत्राने मोजता आला. कोणाचे मत विचारण्याची गरज पडली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकसमूहांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे जादा टप्पे सुचवले. तो निर्णय अशाच निरीक्षणांतून आला होता. त्यांनी जुन्या सीमा रद्द केल्या नाहीत, कारण धोका वाढू लागण्याचा बिंदू आशियातही सगळीकडे एक नव्हता.

रुग्णाच्या बाबतीत मला केवळ वजनाचा उपयोग मर्यादित असतो. चरबी कुठे साठली आहे हे अधिक महत्त्वाचे असते. त्वचेखालची चरबी आणि पोटातील अवयवांभोवतीची चरबी यांचे परिणाम सारखे नसतात. यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीचा संबंध इन्सुलिनचा परिणाम मंदावणे, रक्तातील साखर आणि रक्तदाब यांच्याशी अधिक जवळचा आहे. म्हणून कंबरेचा घेर मोजतात. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर हे आकडे त्यासाठी वापरले जातात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत २०२२ पासून कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवावा, असे सांगितले आहे. भरपूर स्नायू असलेल्या खेळाडूचा बीएमआय २८ असू शकतो आणि त्याला काहीही झालेले नसते. उलट वय झालेल्या, स्नायू झिजलेल्या माणसाचा बीएमआय २२ असूनही त्याच्या शरीरात चरबी पुष्कळ असू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने मांडलेली भूमिका या धाग्याला फार जवळची आहे. केवळ बीएमआयवरून निदान करू नये, जादा चरबी दुसऱ्या एखाद्या मापाने पडताळावी आणि त्या चरबीमुळे अवयवांच्या कामात बिघाड झाला आहे की नाही यावरून दोन वेगळ्या अवस्था मानाव्यात, असे त्यात म्हटले आहे. धाग्याच्या भाषेत सांगायचे तर ‘कशासाठी जास्त’ हा प्रश्न निदानाच्या व्याख्येतच आणला गेला.

सीमारेषा माणसे आखतात, हे मी मान्य करतो. पण धोक्याचा चढ माणसांनी केलेला नसतो. डोंगराची कोणती उंची ओलांडली की तिथे ‘धोक्याचे क्षेत्र’ अशी पाटी लावायची यावर मतभेद होतील, पण म्हणून दरी काल्पनिक ठरत नाही.

उत्तरायण

चढ खरा आहे असे मानले, तरी तो कोणाला कसा दिसतो यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. २०१३ मध्ये कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी २८ लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या ९७ अभ्यासांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात २५ ते ३० या ‘जादा वजनाच्या’ गटातील मृत्यूचे प्रमाण ‘सामान्य’ गटापेक्षा सुमारे ६ टक्के कमी आढळले. मग ‘जास्त’ कोणासाठी?

तळटीप

हे उदाहरण तुम्ही आणलेत, हे बरे झाले. वस्तुनिष्ठता म्हणजे काय हे त्या वादातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही क्वचितच होत असेल.

फ्लेगल यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप असा घेण्यात आला की बारीक माणसांच्या गटात धूम्रपान करणारे आणि आजाराने आधीच खंगलेले लोक मिसळलेले असतात. त्यांचे मृत्यू बारीक असण्यामुळे झालेले नसतात. आजारामुळेच ते बारीक झालेले असतात. २०१६ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने चार खंडांतील २३९ अभ्यास एकत्र केले, त्यांतून कधीही धूम्रपान न केलेले, दीर्घकालीन आजार नसलेले आणि अभ्यासाची पहिली पाच वर्षे जगलेले लोक वेगळे काढले. अशा सुमारे ३९ लाख लोकांत सर्वांत कमी मृत्यू २० ते २५ या टप्प्यात दिसले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धोका वाढत गेला. यावर प्रत्याक्षेप असा की एवढे लोक वगळले तर उरलेला समूह खऱ्या लोकसंख्येसारखा राहत नाही.

दोन्ही बाजूंनी निर्णय घेतले आहेत, हे उघड आहे. कोणाला वगळायचे हा निर्णय आकड्यांतून आपोआप निघत नाही. पण प्रत्येक निर्णय उघडपणे लिहिलेला आहे, त्यामागचे कारण दिलेले आहे आणि ज्याला ते पटत नाही तो वेगळा निर्णय घेऊन गणित पुन्हा मांडू शकतो. वस्तुनिष्ठता म्हणजे माणसाचा हात कुठेही न लागणे, अशी अपेक्षा ठेवली तर वजनाबद्दलच काय, रक्तदाबाबद्दलही काही बोलता येणार नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली गेली, पण त्यामुळे रक्तदाब ही समजूत आहे असे कोणी म्हणाले नाही. मला वस्तुनिष्ठतेची अट वेगळी वाटते. जो निर्णय घेतला तो दुसऱ्याला दाखवता आला पाहिजे आणि दुसऱ्याला तो खोडता आला पाहिजे.

याच कसोटीवर ‘तुझे वजन फार वाढलंय’ असे भेटताक्षणी सांगणाऱ्या माणसाचे विधान टिकत नाही, कारण त्यामागचा निर्णय कुठेच लिहिलेला नसतो.

काजळरेघ

आतापर्यंतची चर्चा मोजमापाची झाली. पण रोजच्या आयुष्यात वजनाचे निर्णय काट्यावर होत नाहीत, डोळ्यांनी होतात. माझा अभ्यास दृष्टिसंवेदनांच्या मानसशास्त्राचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

डोळा निरपेक्ष आकार मोजत नाही, सवयीच्या आकाराशी तुलना करतो. काही मिनिटे सतत बारीक केलेल्या शरीरांची चित्रे दाखवली आणि नंतर नेहमीच्या शरीराचे चित्र दाखवले, तर ते आधीपेक्षा रुंद भासते. रुंद शरीरे दाखवली तर उलट होते. हे प्रयोग अनेक ठिकाणी अनेक वेळा झाले आहेत. कोणते शरीर ‘सामान्य’ वाटते तेही अशा पाहण्याने सरकते. आसपासची बहुतेक माणसे वजनाने वाढली की वाढलेले वजन नजरेत भरत नाही, आणि दिवसभर पडद्यावर निवडक सडपातळ शरीरे पाहणाऱ्याला स्वतःचे निरोगी शरीरही बेढब वाटू लागते. दोघांनाही आपण फक्त ‘जे आहे ते’ पाहत आहोत, अशी पक्की खात्री असते.

याशिवाय अंदाज मध्याकडे ओढला जातो. माणसे जड शरीराचे वजन खऱ्यापेक्षा कमी सांगतात आणि हलक्या शरीराचे जास्त. आपल्या जादा वजनाच्या मुलाचे वजन योग्य आहे, असे मानणारे आईवडील जगभरच्या पाहण्यांत मोठ्या संख्येने आढळतात. हे प्रेमामुळे होते असे म्हणून सोडून देता येणार नाही. नजरेच्या घडणीतच तो कल आहे. दुसऱ्या टोकाला अॅनोरेक्सिया हा आजार आहे. त्यात जिवाला धोका असण्याइतके वजन घटले तरी आपण जाडच आहोत, ही खात्री ढळत नाही. अशा रुग्णाशी ‘ते मतावर अवलंबून आहे’ असे बोलणे किती घातक ठरेल, याचा विचार ‘सगळीच मते सारखी’ असे मानणाऱ्यांनी करायला हवा. व्यक्तीचे मत चुकू शकते, असे म्हणण्यासाठी मताबाहेर काहीतरी असावे लागते. तेथे ते आहे. हृदयाचे मंदावलेले ठोके आहेत, रक्तातील घटलेले पोटॅशियम आहे.

म्हणून माझ्या मते व्यक्तिनिष्ठ म्हणजे खोटे नव्हे आणि क्षुल्लकही नव्हे. स्वतःच्या शरीरात कसे वाटते, हे केवळ त्या व्यक्तीलाच सांगता येते आणि तेवढ्यापुरते तिचे म्हणणे अंतिम आहे. पण ‘मला जड वाटते’ यातून ‘मी जड आहे’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘मला तू जड दिसतोस’ यातून तर त्याहून कमी.

पायवाट

मी बराच काळ दम लागण्याची तक्रार घेऊन फिरलो. ‘वजन कमी करा’ हे उत्तर तपासणीच्या आधीच तयार असे. पुढे रक्ताची साधी तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन फार कमी असल्याचे कळले. उपचार झाले आणि माझे वजन तेवढेच असताना दम लागणे थांबले. माझे वजन जास्त नव्हते, असा माझा दावा नाही. ते गुडघ्यांसाठी जास्त असेलही. दम लागण्याचे कारण मात्र ते नव्हते, आणि हे कोणीतरी पाहायला हवे होते. शुक्रतारा ज्या मोजमापांबद्दल लिहितात, ती माझ्या बाबतीत वापरलीच गेली नव्हती. वापरली गेली ती नजर.

शुक्रतारा

पायवाट, आपण जे सोसले ते व्हायला नको होते. आमच्या व्यवसायात हे घडते आणि उलटही घडते. बारीक माणसाच्या रक्तातील साखर तपासण्याचे कोणाला सुचत नाही, कारण त्याचे वजन ‘ठीक’ दिसते. वजनावरून अपमान होईल या भीतीने लोक दवाखान्यात यायचे टाळतात, तपासण्या लांबणीवर टाकतात, आणि मग वाढलेल्या आजाराचे खापर पुन्हा वजनावर फुटते. निर्णयच वस्तुस्थिती बिघडवतो, अशी ही अवस्था आहे.

उत्तरायण

काजळरेघ आणि तळटीप यांचे प्रतिसाद वाचल्यावर माझा आक्षेप मी अधिक नेमका करतो. उद्देश सांगितला की निर्णय तपासता येतो, असे धागाकर्त्यांचे म्हणणे आहे. पण उद्देश कोण निवडतो? आयुष्य किती वर्षे लांबेल हाच उद्देश का धरायचा? एखाद्याला चार वर्षे कमी पण स्वतःच्या मनासारखी हवी असतील, तर त्याचे वजन ‘जास्त’ कशावरून? माझ्या मते व्यक्तिनिष्ठता एक पायरी मागे सरकली आहे, नाहीशी झालेली नाही.

अनुस्वार

आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. व्यक्तिनिष्ठता नाहीशी होते, असे मी म्हटलेले नाही. ती कुठे आहे हे दाखवता यावे, एवढेच मला हवे आहे. तुमच्या उदाहरणातील माणूस ‘माझ्या वजनामुळे माझा मधुमेहाचा धोका वाढलेला नाही’ असे म्हणाला, तर तो चुकीचा ठरू शकतो. ‘तो धोका मला मान्य आहे’ असे म्हणाला, तर त्याला चूक ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नाही. पहिले वाक्य जगाबद्दल आहे, दुसरे त्याच्या आयुष्याबद्दलच्या निर्णयाचे. आपले बहुतेक वाद ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. डॉक्टर पहिल्याच्या बळावर दुसरे ठरवू पाहतात आणि रुग्ण दुसऱ्याच्या बळावर पहिले नाकारतो.

उद्देश नेहमीच व्यक्तीने निवडलेला असतो, हेही मला पूर्ण पटत नाही. लहान मूल उद्देश निवडत नाही, पण त्याच्या वजनाबद्दल कोणाला तरी निर्णय घ्यावाच लागतो. तेथे काय करायचे?

तळटीप

मुलांच्या वाढीच्या तक्त्यांत नेमका हाच प्रश्न सोडवण्याचे दोन मार्ग दिसतात. अमेरिकेचा २००० सालचा तक्ता संदर्भतक्ता आहे. तेथील मुले प्रत्यक्षात कशी वाढली, हे तो सांगतो. पण सहा वर्षांपुढील मुलांची १९८८ ते १९९४ या काळातील वजने त्यातून मुद्दाम वगळली गेली, कारण ती धरली असती तर वाढलेले वजनच ‘सामान्य’ ठरले असते. म्हणून त्या तक्त्यातील ९५ व्या शतमकाच्या (शंभरांतील ९५ मुले ज्याच्या खाली येतात त्या आकड्याच्या) वर आज ५ टक्क्यांहून कितीतरी अधिक मुले आढळतात. गणिताने हे अशक्य वाटावे, पण तुलना आजच्या मुलांशी नाही, आधीच्या मुलांशी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वेगळा मार्ग घेतला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतून स्तनपान मिळणारी, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, आरोग्यसेवा लाभलेली मुले निवडली आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनी कसे वाढावे, याचा तक्ता केला. येथे ‘असावे’ हा शब्द मोजणीच्या आधीच आला होता, कोणती परिस्थिती मुलासाठी चांगली हे ठरवतानाच. आणि तरीही त्यातून निघालेली गोष्ट कोणाच्या मनात नव्हती. चांगली परिस्थिती मिळाली की इतक्या दूरदूरच्या देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढते, हे मापे घेतल्यावर दिसले. मूल्य आधी निवडले होते, उत्तर निवडलेले नव्हते.

उत्तरायण

हे उदाहरण मला पटले. उद्देश निवडण्यामागे कारणे असू शकतात आणि ती कारणेही वादाला खुली असतात, एवढे मी मान्य करतो. मात्र प्रौढांच्या बाबतीत ती कारणे त्या व्यक्तीसमोर मांडली गेली पाहिजेत, तिच्या पाठीमागे गृहीत धरली जाता कामा नयेत, हा माझा आग्रह कायम आहे.

पायवाट

शुक्रतारा, मग तपासणीच्या अहवालावर ‘वजन जास्त’ असे दोन शब्द छापलेले असतात, त्यांच्या जागी काय लिहिलेले असावे, असे आपल्याला वाटते?

शुक्रतारा

मी स्वतः ते दोन शब्द लिहीत नाही. वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखर हे आकडे लिहिते. त्यांपैकी कोणत्या आकड्यामुळे कोणत्या आजाराचा धोका वाढतो, हे त्याखाली एका ओळीत लिहिते. रुग्ण ज्या तक्रारीसाठी आला आहे तिचा वजनाशी संबंध आहे, नाही किंवा अजून तपासायचा आहे, यांपैकी काय ते स्वतंत्रपणे नोंदवते. त्याला वेळ अधिक लागतो. गुडघेदुखीच्या रुग्णाला काही किलो कमी झाल्याने वेदना कमी होतील असे मी सांगते, तेव्हा तो ते पुढच्या भेटीत पडताळून पाहू शकतो, आणि वेदना कमी झाल्या नाहीत तर मला दुसरे कारण शोधावे लागते.